दादाला दिलेला पासवर्ड

बिश्केक, १४ मार्च, सकाळचे सव्वानऊ

सांजार दादा,

बँकेच्या ग्राहकांच्या नोंदी सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा चहा पिताना तू त्यांचा पासवर्ड मागितलास. मी कचरलो, तर तू म्हणालास, "भावालाच कुलूप लावतोस होय रे? मी काय परका आहे?" आपल्यात मोठ्यांना नाही म्हणत नाहीत. मी दिला.

काल माझ्या नावाने, माझाच पासवर्ड टाकून, कोणीतरी ग्राहकांची सगळी माहिती बाहेर नेली. काल मी गावी, आजोबांच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाला होतो. तू आला नाहीस. तुझा फोन बंद आहे.

पासवर्ड भावालाही देऊ नये, एवढंच या नोकरीत शिकलो. बदलायला मिनिटभर लागेल, पण मग मी संशय घेतला, हे तुला कळेल.

साहेबांनी आत बोलावलंय. पासवर्ड अजून तोच आहे.

तुझा धाकटा,
कुबात