वाईच्या बुवांचा पत्ता

प्रिय अण्णा,

काल तुमचा हुकूम मोडला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळलेलं बरं, म्हणून सकाळीच लिहायला बसले. तुमच्या त्या तडा गेलेल्या तबकडीवरची सुई मी उचलली नाही. शेवटपर्यंत जाऊ दिली.

रागावलात?

तुम्ही गेल्यापासून तुम्ही जमवलेल्या व्हायोलिनच्या ग्रामोफोन-तबकड्या मी एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवते आहे. मायक्रोफोन यायच्या आधीच्या, मोठ्या कर्ण्यासमोर बसून वाजवलेल्या! लाखेच्या त्या जड तबकड्यांनी तुम्ही सांगलीतलं हे घर भरून टाकलंत. आई तुम्हाला जतच्या बाजाराला ज्वारीसाठी पाठवायची आणि तुम्ही बगलेत तबकड्या मारून परत यायचात. एकदा तर बुरशी लागू नये म्हणून हळद वाळवतात तसं ऊन दाखवलंत त्यांना. वाकून पापड झाले सगळ्यांचे! मग आपल्या दुकानातली वजनं ठेवून दाबत बसलात. आई आठवडाभर हसत होती.

पण ही तबकडी वेगळी. वाईच्या एका घरातून आणलेली, मधला कागद कसरीनं खाल्लेला, त्यामुळे वाजवणाऱ्याचं नावच नाही. आणि शेवटच्या रेघांपाशी तडा. सुई तिथं आली की तुम्ही झटकन उचलायचात. "बास! फुटंल ती." आम्ही आपले अर्ध्या सुरात लोंबकळत.

वाजवणाऱ्याला तुम्ही 'वाईचे बुवा' म्हणायचात. त्यांच्यासाठी वाई पालथी घातलीत, सातारा झाला, मेढा झाला. भेटेल त्याला एकच प्रश्न, "कुणी बुवा हुता का हो, व्हायोलिन वाजवणारा?" कुणालाच ठाऊक नाही. आई वैतागून म्हणायची, "पोरीची सोयरीक बघायला बी एवढं फिरला न्हाईसा!"

दवाखान्यातसुद्धा तुम्ही मला तेच विचारलंत, "बुवांचा पत्ता लागला का गं?" मी नुसती तुमच्या हातावरून हात फिरवत बसले. ते अजून सलतं.

काल तिची पाळी आली. तड्याची टकटक सुरू झाली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. आईनं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"अगं, फुटेल ती!"

"फुटली तर फुटू दे. आता कुणासाठी राखायची? एकदा तरी पुरी वाजू दे."

वाजली, अण्णा! त्या सुरावटीला किती गोड शेवट आहे, तुम्हाला माहीतच नाही. मग थोडी खरखर, आणि माणसाचा आवाज. त्या काळी वाजवून झालं की कलावंत शेवटी आपलं नाव सांगत, हे मला तुम्हीच शिकवलं होतंत ना? म्हणजे नाव तिथंच असणार, हे तुम्हाला कळत होतं! तरी तबकडी राखलीत आणि गावं हिंडलात. काय म्हणावं तुम्हाला?

आवाज कोवळा होता, पण धीट. "मी गोदावरी. वाईची."

आई तुमच्या फोटोकडे वळून म्हणाली, "आवं, ऐकलंसा का? बाई हाय ती!" आणि हसता हसता रडायला लागली. मीही.

तबकडीला काही झालं नाही, अण्णा. साधा टवकाही उडाला नाही. फुटली असती तर तुमचंच खरं होतं म्हणून समजूत घातली असती मनाची. आता काय म्हणून घालू? तुम्हाला ऐकता आलं असतं हो!

येत्या रविवारी मी वाईला जाते आहे, आईला घेऊन. या वेळी म्हाताऱ्या बायकांना विचारणार, गोदावरीबाईंचं नाव घेऊन. त्यांचं कुणी भेटलं की त्यांच्यापुढे ती पुरी वाजवीन. आणि बुवांना शोधत इथं कोण हिंडत होतं, तेही सांगेन. शब्द देते.

तुमचीच,
शालू