रुमालातला हप्ता

बीड, १२ बहमन, बुधवार

मेहबूबभाईची मोटार काल धारूरच्या घाटात दरीत गेली; तो बचावला. आज तो विम्याचा हप्ता रुमालात बांधून माझ्याकडे आला. "मुदत आजचीच हाय ना, साहेब?"

बारा तारीख खरी, पण कंपनीची इंग्रजी. त्यानं इथली सरकारी, फसली सालातली बहमनची बारा धरली. इंग्रजी बारा पाच दिवसांपूर्वीच उलटली, विमा रद्द झाला.

तो चुकीची तारीख धरून बसलाय, हे मला आधीपासून ठाऊक होतं. सांगायला हवं होतं का? घाटाचा धोका म्हणून मी हप्ता वाढवला, तेव्हा भर बाजारात मला चोर म्हणाला होता.

मुदत उलटल्याचं मी सांगितलं, तशी रुमालाची गाठ त्यानं सोडलीच नाही. ती चाचपत म्हणाला, "चूक माझीच. तवा तुमाला लई बोललो, माफ करा."

मी माफ केलं.