आपल्या शाळेचे मोठे वर्ग

बाई, आपल्या शाळेचे मोठे वर्ग बंद झाले. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे, आणि त्या शाळेची मुख्याध्यापिका आता मी असल्यामुळं ते मीच सांगायला पाहिजे. तुम्ही भूमहून बदलून आलात तेव्हा ती चौथीपर्यंतची शाळा होती, आता पुन्हा ती चौथीपर्यंतचीच झाली. पाचवीपासून पुढची मुलं गावातल्या शाळेला जोडली. वर्ग आहेत, फळे आहेत, बाकंसुद्धा आहेत, पण दुपारनंतर त्या बाजूला कुणी नसतं आणि मी ऑफिसातून उठून तिकडं जायचं टाळते.

तुम्ही आलात तेव्हा धाराशिवला सगळे उस्मानाबादच म्हणायचे, आणि आपल्या वस्तीला तर कुणी उस्मानाबादही म्हणत नव्हतं. वीटभट्टीवरची माणसं, कापसाच्या जिनिंगमधले हमाल, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्यांची चार घरं, आणि गावात भाडं परवडत नाही म्हणून बाहेर येऊन राहिलेले आमच्यासारखे. चौथी झाली की पोरांना कामाला लावायचं आणि पोरींना घरी बसवायचं, कारण पुढची शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडं, गावात. तुम्ही शिक्षणखात्याच्या साहेबांकडं पाचवी मागितली. साहेब म्हणाले, आधी मुलं दाखवा. म्हणून तुम्ही शाळा सुटल्यावर घरोघर फिरलात. आमच्या दारात आलात तेव्हा आई भांडी घासत होती. ती म्हणाली, पोरगी लिहायला-वाचायला शिकली, आता रांधायला शिकू द्या. तुम्ही वाद घातला नाही. तिथंच ओट्यावर बसलात आणि आईला विचारलंत, तुम्हाला किती शिकायचं होतं? आई भांडी घासत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं माझी वेणी घालून मला पाठवलं.

सगळी घरं अशी वळली नाहीत. पिंजाऱ्यांच्या आळीतल्या म्हाताऱ्या चाचांनी तुम्हाला पाणी दिलं, बसायला चांगली गादी दिली, आणि मग अगदी अदबीनं विचारलं, "बाई, तुमचा मुलगा तर गावातल्या मोठ्या शाळेत जातो ना?" मी तुमच्यामागं उभी होते. तुम्ही हो म्हणालात, पाणी संपवलंत आणि उठलात. दोन-चार दिवसांनी तुम्ही तुमच्या मुलाच्या हाताला धरून त्याला आमच्या वर्गात आणलंत. त्याचा शर्ट त्या मोठ्या शाळेचाच होता, दुसरा शिवायचा राहिला असेल. तो रडून रडून लाल झाला होता. तुम्ही त्याला पहिल्या ओळीत, चाचांच्या नातवाशेजारी बसवलंत आणि काहीच न सांगता शिकवायला लागलात. त्या आठवड्यात पट भरला. पाचवी मिळाली, मग सहावी, मग सातवी. शाळेचा इतिहास सांगा म्हटलं की लोक ठरावांचं आणि इमारतीचं सांगतात, पण आपली शाळा त्या सकाळी उभी राहिली हे मला ठाऊक आहे.

तुमच्या स्वयंपाकघराची आठवण फार येते. शाळा सुटल्यावर मी तुमच्या घरी थांबायची, कारण आई उशिरा यायची. तुम्ही भाकरी थापताय, तुमचा मुलगा पाटावर बसून पाढे म्हणतोय, मी दाराशी बसलेय. सतराच्या पाढ्यात तो दर वेळी अडतो. एकदा मी पुढचं सांगून टाकलं, हुशारी दाखवायला. तुम्ही भाकरी तव्यावर टाकलीत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "तुला येतं हे मला माहीत आहे. त्याचं त्याला म्हणू दे." मला इतकं लागलं की मी जेवायला नको म्हणाले. तुम्ही ताट पुढं सरकवलंत, आणि मी जेवले.

मग भूकंप झाला. किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली, आपल्याकडं माणसं वाचली पण शाळेच्या भिंतीला फट पडली, त्यातून पलीकडचं चिंचेचं झाड दिसायचं. लोक पोरांना घराबाहेर सोडेनात. तुम्ही त्या चिंचेखाली खुर्ची टाकून बसू लागलात. पहिल्या दिवशी वर्गात तुमचा मुलगा एकटाच होता. तुम्ही त्या एकट्याला वर्गाला शिकवावं तसं मोठ्यानं शिकवत होतात, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं. लोक घराबाहेर येऊन बघायला लागले. हळूहळू आम्ही सगळे आलो. पुढं पत्र्याची शेड आली, त्यानंतर स्लॅबची इमारत. आज तिथं जे काही आहे ते त्या चिंचेखालून आलंय.

तुमच्यामुळं मी डी.एड. झाले. निघताना तुम्ही मला तुमची निळी सुती साडी दिलीत, नवी नव्हती, पण म्हणालात की शिकवताना हीच बरी, पदर घसरत नाही. माझी पहिली नेमणूक परंड्याकडं होती, तिथंच तुम्ही गेल्याचं कळलं. आपल्या शाळेवर मी पुष्कळ वर्षांनी आले, आधी शिक्षिका म्हणून आणि मग मुख्याध्यापिका म्हणून. पहिल्या दिवशी तुमच्या खुर्चीवर बसताना मला भरून आलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

त्याच वर्षी माझा मुलगा पहिलीत जाणार होता. बायपासवर नवी इंग्रजी शाळा निघाली होती. आमच्या स्टाफमधल्या सगळ्यांची मुलं तिथंच. मी एकदाच म्हणाले, आपल्या शाळेत घालू या का? हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "तुमच्या बाईंनी घातलं होतं ना पोराला? काय झालं त्याचं?" तुमचा मुलगा नळदुर्गला हायवेवर टायरची पंक्चरं काढतो, हे सगळ्यांना माहीत आहे.  बाई, मला ते पटलं. मला वाटलं, बाईंनी शाळा उभी केली आणि पोराचं नुकसान केलं. मग कधी मनाला टोचलं की मी तुमच्या मुलाची आठवण काढायची, आणि टोचणं थांबायचं.

दोन वर्षांपूर्वी एक बाई मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आली. मुलगी सहावीत, वर्गात सगळ्यात चुणचुणीत. मी तिला खुर्ची दिली आणि खूप वेळ समजावलं. आपल्या शाळेचा इतिहास सांगितला, तुमचं सांगितलं, इथले शिक्षक कसे शिकलेले आहेत ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, सकाळी म्या ढाब्यावर भाकऱ्या थापायला जाती, तवा तुमचं पोरगं पिवळ्या गाडीत बसताना रोज दिसतंय. शाळा एवढी चांगली हाय, तर ते का न्हाय इथं?" मी दाखल्यांचं पुस्तक पुढं ओढलं. तीच मला सावरत म्हणाली, "राग न्हाय, नुसतं इचारलं." मी दाखला लिहून दिला. लिहिताना चाचांनी दिलेलं पाणी पिऊन उठणाऱ्या तुम्ही मला दिसत होतात. तुम्हाला विचारलं तेच मला विचारलं होतं, आणि माझ्या हातात पेन होतं. तिच्यामागून बाकीचे आले. कुणी काही विचारलं नाही, सरळ दाखले मागितले.

गेल्या वर्षी मुलाच्या शाळेत पालकसभा होती. नेहमी हे जातात, त्या दिवशी मी गेले. त्याच्या वर्गाला नव्या टीचर आल्या होत्या. मला बघितलं तशी ती मुलगी खुर्चीवरून उठली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या पाया पडली. आपल्याच शाळेची, बाई, भट्टीवरच्या घरातली, माझ्याच हाताखाली सातवी झालेली. आनंदानं तिचं तोंड फुललं होतं. ती शेजारच्या पालकांना सांगायला लागली की या माझ्या शाळेच्या मॅडम, आमच्या वस्तीतल्या झेडपीच्या. माझ्या शेजारी मुलाच्या मित्राची आई बसली होती. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, अहो, पण तुमचा मुलगा तर सांगतो आई ऑफिसात आहे. मुलानं मान खाली घातली. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "हो, तसं ऑफिसचंच काम असतं माझ्याकडं." त्या मुलीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग ती जागेवर जाऊन बसली, प्रगतीपुस्तक पुढं केलं आणि बाकीच्या आयांना सांगत होती त्याच आवाजात म्हणाली, "मॅडम, इथं सही करा."

घरी येताना स्कूटीवर मी मुलाला विचारलं, असं का सांगितलंस? तो मागून म्हणाला, "खोटं कुठं आहे? तुझ्या शाळेत ऑफिस आहे ना?" मी रागावले तेव्हा तो रडायच्या बेतात आला आणि म्हणाला, "तूच घरी म्हणतेस ना, तिथं आता कोण येतंय." मी तसं म्हणते, बाई. जेवताना, फोनवर, कितीदा तरी. त्यानं ते माझ्याकडूनच उचललं.  त्याला काय सांगायचं ते मला आजही कळलेलं नाही.

मग आदेश आला. मोठ्या वर्गांचा शेवटचा दिवस होता तेव्हा छोटा कार्यक्रम केला आणि मला शाळेचा इतिहास सांगायला लावला. मी चांगलं बोलले. जिनिंग, भट्ट्या, भूकंप, चिंच, पत्र्याची शेड, सगळं आलं. दोन-तीन बाया डोळे पुसत होत्या. वर्ग का बंद झाले तेही सांगितलं, धोरणं बदलली, रस्ते झाले, लोकांना इंग्रजीचं वेड लागलं. तुम्ही तुमच्या मुलाला हाताला धरून वर्गात आणलंत, तेवढंच मी वगळलं. ते सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न कुणी विचारायची गरज राहिली नसती.

त्यानंतर एका रविवारी मी नळदुर्गला गेले. ह्यांना सांगितलं, सोलापूरला काम आहे. हायवेच्या कडेला, किल्ल्याकडं वळायच्या आधी, तुमच्या मुलाचं दुकान सापडलं. एका ट्रकचं चाक तो उघडत होता. मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला, मग हात पुसत आला आणि "अगं तू" म्हणून टायरवर फडकं टाकून बसायला जागा केली. चहा मागवला. मी त्याला वर्ग बंद झाल्याचं सांगितलं. तो रस्त्याकडं बघत राहिला. मग ज्याच्यासाठी गेले होते ते विचारलं, की आईनं तुला त्या मोठ्या शाळेतून काढलं, त्याचा कधी राग येतो का?

त्याला माझा प्रश्न आधी कळलाच नाही. कळल्यावर हसला. म्हणाला, "मला गणित कुठंच आलं नसतं. त्या शाळेत पण नापासच होत होतो, म्हणून तर मास्तर मारायचे. आईच्या शाळेत निदान मार चुकला." मग म्हणाला, "आणि दिवसभर आई दिसायची. मला बरं होतं तिथं."

इतकी वर्षं मी ज्याच्या आड उभी होते तो आडोसा त्यानं असा सहज काढून घेतला, आणि त्याला ते कळलंही नाही. मी उठायला लागले. तो गाडीपर्यंत पोचवायला आला, माझ्या घरचं विचारलं, मुलं किती ते विचारलं. मी म्हणाले एकच मुलगा, सातवीत आहे. त्यानं विचारलं, "कुठल्या शाळेत?"

मी म्हणाले, "आपल्याच. शेवटच्या वर्गात होता."

त्याचा चेहरा एकदम उजळला, बाई. म्हणाला, आईला लई बरं वाटलं असतं.