कबनूरला केलेली चौकशी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ जून २०२५

चि. शशिधर यास रत्नव्वाअक्काचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुझ्या यंत्रमागांचा खडखडाट खातो, म्हणून हे पत्र सुताच्या टेंपोवाल्याकडे देते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

माडीवरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणून फाटकावर पाटी लावली आणि दारात जत्रा भरली. शेजारच्या मोनानं पाटीचा फोटो मोबाईलवरून कुठं कुठं पाठवला म्हणे. दात घासायच्या आत फाटकाशी माणसं उभी. एकाला कुत्रं आणायचं आहे, एकाला बायको गावीच ठेवायची आहे. काल तर राधानगरीचा आकाराम आणि दुसरा एक पोरगा, आधी कोण आलं यावरून भिडले. आकारामनं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात अंगणात पडले, ते मी केरसुणीनं लोटले. आज दोघेही हात जोडून पुन्हा हजर.

माझी रीत तुला ठाऊक आहे. गाव कुठलं, पाहुणे कोण, हे विचारायचं आणि त्या गावातून खात्री करून घ्यायची. आजवर एकही भाडेकरू वाईट निघाला नाही. तुझी बायको तेवढी तू माझ्या चौकशीशिवाय आणलीस, आणि बघ, तुला कशी धाकात ठेवते.

या सगळ्यांत मनात भरली ती प्रेरणा. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, सोबत चार वर्षांची शिवांजली. तुमच्या कबनूरचीच सून. नवऱ्यापासून वेगळी राहते हे तिनं सरळ सांगितलं. मात्र गावात विचारू नका, बाकी काहीही विचारा, म्हणाली. तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. नवऱ्याचं नाव आदर्श, त्याचेही माग आहेत. त्याच्याकडं जाऊन बाई कशी आहे ते कळव.

अक्कावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
रत्नव्वा


कबनूर
१६ जून

ती. रत्नव्वाअक्कास शशिधरचा शि. सा. न. वि. वि.

तुझा हुकूम पाळला. आदर्शला भेटलो, तर तो लांबच्या नात्यानं आपलाच पाहुणा निघाला. माणूस अगदी देवमाणूस. चहा पाजला, लेकीची आठवण काढून रडला. बायको किरकोळ भांडणावरून निघून गेली म्हणाला. ती कुठं राहणार आहे असं त्यानं विचारलं, तेव्हा तुझा पत्ता दिला. बापाला पोर कुठं आहे एवढं तरी कळायला नको का?

खोल्या तिला देऊ नकोस. एखाद्याचा संसार मोडायला आपण कारण होऊ नये. चार शब्द समजुतीचे सांग आणि घरी धाड. आमची ही म्हणते, अक्कांनी वेळेवर चौकशी केली असती तर मी वाचले असते.

आहे तशीच माया ठेव.

तुझा,
शशिधर


कोल्हापूर
२१ जून

चि. शशिधर यास आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

तुझं पत्र आलं तशी मी प्रेरणाला बोलावलं आणि नवऱ्याकडे परत जा म्हणून सांगितलं. तिनं पाठ फिरवली आणि ब्लाऊज वर केला. इस्त्रीच्या टोकाचे डाग होते, शशी, खांद्यापासून कमरेपर्यंत. मी किल्ली तिच्या हातात दिली. मायलेकी वर झाडलोट करायला गेल्या.

पाटी अजून काढली नव्हती, अंगणात चारपाच जण होते. त्यांतला एक फार गोड बोलला. नाव विजयसिंह, गाव गगनबावडा. मी नेहमीचे प्रश्न विचारले, त्यानं पाहुण्यांची नावं घडाघडा सांगितली. मला तो पसंत पडला. खोल्या गेल्या, पण पुढंमागं रिकाम्या झाल्या तर कळवीन, वर जाऊन बघून या, असं म्हणत मीच त्याला जिना दाखवला.

तो आदर्श होता. पिशवीत मागावरचा धोटा आणला होता, लोखंडी टोकांचा. किंकाळी मलाही ऐकू आली. स्वयंपाकघरातला वरवंटा उचलून मी वर पोचले, तोवर त्यानं तिचे केस खिडकीच्या गजाला गुंडाळले होते आणि धोट्यानं तोंडावर मारत होता. जबडा मोडला होता, एक डोळा रक्तानं दिसत नव्हता. शिवांजली त्याच्या पायाला चावत होती, तिला त्यानं लाथेनं भिंतीवर उडवलं. मी वरवंटा त्याच्या मनगटावर घातला. मग आकाराम आणि बाकीचे धावले. जिन्यावरून त्याला फरफटत खाली आणलं आणि अंगणात तुडवलं. मी थांबवलं नाही. थांबवावंसं वाटलंही नाही.

प्रेरणा दवाखान्यात आहे, जगेल म्हणतात. तो पोलिसांना सांगतो की, मी लेकीला भेटायला सहज गेलो होतो, लोकांनी मलाच मारलं, धोटा माझा नव्हेच. जामिनावर सुटला तर तिला सोडणार नाही. तू येऊन जबानी दे. पत्ता घेताना तो काय बोलला ते नीट आठव. चौकशी मी करायला सांगितली, पत्ता तू दिलास. आपण दोघांनी तिला त्याच्या हाती दिलं आहे.

रत्नव्वा


कबनूर
२४ जून

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तो बोललेलं एक वाक्य मी तुला लिहिलं नव्हतं. "पावणं, तंगडं मोडून आणतो बघा तिला," असं म्हणाला आणि हसला. मीही हसलो. पुरुष रागात असं बोलतातच, असं वाटलं.

पण जबानीचं म्हणू नकोस. त्याचे दोघे भाऊ रोज माझ्या शेडसमोर मोटरसायकल लावून बसतात. मला याच गल्लीत राहायचं आहे, अक्का. मला भीती वाटते.

समजून घे.

शशिधर


कोल्हापूर
२६ जून

चि. शशिधर यास,

तुला राहायला गल्ली तरी आहे. तिचा जबडा तारेनं बांधला आहे आणि पोर झोपेत किंचाळते. तो सुटेल तेव्हा पत्ता विचारायला त्याला कुणाकडं जावं लागणार नाही.

आशीर्वाद आहेत, पण आज लिहिताना जड जातात.

रत्नव्वा


इचलकरंजी, दवाखाना
८ जुलै

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताचं आहे.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरला आलो होतो, तुझ्या दारावरून गेलो. आत यायचा धीर झाला नाही. पोलीस ठाण्यात जाऊन ते वाक्य जसंच्या तसं लिहून दिलं, आणि त्यावर मी हसलो होतो तेही. आता त्याला जामीन मिळणं अवघड आहे, असं साहेब म्हणाले.

परत आलो तर शेडमध्ये दोघे भाऊ वाट बघत होते. आधी त्यांनी मागांवर घण घातले, मग माझ्याकडं वळले. उजवा हात मागाच्या चौकटीवर दाबून धरला आणि पहारीनं मोडला. प्रत्येक घावाला एकच विचारत होते, ती तुझी कोण लागते म्हणून एवढा पुळका आला. शेवटी मी म्हणालो, "बहीण हाय माझी." त्यानंतर मार आणखी बसला, पण पुन्हा विचारलं नाही. आता तेही आत आहेत.

खोल्या तिच्याकडंच राहू देत. नागपंचमीला भावानं बहिणीला माहेरी न्यायचं असतं. ती कबनूरला यायची नाही, आणि कोणत्या तोंडानं तिला बोलवू? म्हणून त्या दिवशी मीच तुझ्या माडीवर येईन. दार उघडायचं की नाही, ते तिनं ठरवावं.

तुझा धाकटा,
शशिधर