पट्ट्याची शीळ

बाबा,

व्हॅन मी गॅरेजला नेली आहे, शोधत बसू नका. "थंडीचा आवाज होता, गेला बघ," असं काल व्हॅन सुरू केल्यावर तुम्ही म्हणालात. तेव्हाच शेजारच्या काकू खिडकीतून विचारत होत्या, "अगं, काय किंचाळतंय एवढं?" आवाज गेलेला नाही. इंजिन गार असलं की त्याचा रबरी पट्टा शीळ घालतो. वय वाढलं की उंच, बारीक आवाज आधी ऐकू येईनासे होतात, त्यात तुमची चूक नाही. इंजिनातला खालचा ठोका तुम्हीच आधी ओळखलात. मला तो तुम्ही सांगितल्यावर कळला. मिस्त्रींना दोन्ही सांगते.

संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊ. गाडी तुम्हीच चालवा. मी शेजारी बसून ऐकते.