खिडकीतून तळं दिसतं

४ मे १९८६, रविवार

काल अप्पांचं पत्र आलं. तिकीट झालं. ७ जूनला बॉस्टनला उतरतायत, तीन महिने राहणार. आजपासून चौतीस दिवस. चौतीस दिवसांत एक खोली आवरून, रंगवून, सजवून होत नाही असं जगात कुठेच नसेल.

अडचण एवढीच, की ती खोली मी अप्पांना दोन वर्षांपूर्वी पत्रातून देऊन बसले आहे. लग्न होऊन श्रूजबरीला आले त्याला पंधरा दिवस झाले होते, तेव्हा लिहिलं: 'तुमच्यासाठी स्वतंत्र खोली ठेवली आहे. भिंती पांढऱ्या. एक टेबल, एक खुर्ची. खिडकीतून तळं दिसतं.' याला खोटं म्हणता येणार नाही. हे आगाऊ लिहिलेलं खरं आहे. तळं आहेच, दोन मैलांवर. खिडकीही आहे. मध्ये डोनटच्या दुकानाचा पार्किंग लॉट येतो, इतकंच.

नवव्या वर्षापर्यंत अप्पांनी मला घरीच शिकवलं. गावात शाळा होती, पण अप्पा तिचे हेडमास्तर असल्यामुळे त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. रोज सकाळी दहा ओळी शुद्धलेखन. चुकलेला शब्द वीस वेळा. खोटं बोलण्याला मात्र काही शिक्षा ठरलेली नव्हती. असलं काही आपल्या घरात होईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

कालच्या पत्राच्या शेवटी लिहिलंय: 'तुझं खोलीचं वर्णन सातवीच्या वर्गाला पत्रलेखनाचा नमुना म्हणून दरवर्षी वाचून दाखवतो.'

रात्री जेवले नाही. (इडल्या खाल्ल्या, पण ते जेवण नव्हे.)

संकल्प: ७ जूनच्या आत पत्र खरं करायचं. बजेट साठ डॉलर. नवरा, म्हणजे गिरीश, म्हणाला चाळीस. म्हणजे साठच.

५ मे, सोमवार

खोलीची पाहणी केली. दार पूर्ण उघडत नाही, त्यामुळे जेवढी दिसली तेवढीच.

एक: खोकी. टीव्हीचं, व्हीसीआरचं, टोस्टरचं, इस्त्रीचं, आणि एक मोठं खोकं, ज्यात बाकीची खोकी आहेत. गिरीश एकही टाकू देत नाही. म्हणाला, "अगं, परत जाताना सामान कशात भरणार? दोन वर्षांत जायचंय ना?" हे तो १९८१पासून म्हणतोय, असं इथल्या मराठी मंडळातल्या मालिनीकाकू सांगतात.

दोन: दह्याचे प्लॅस्टिकचे डबे. एकसष्ट. झाकणं बावीस. एकमेकांना बसणारे डबे आणि झाकणं: चार.

तीन: सोफा. मोहरीच्या रंगाचा, पाठ माझ्या खांद्याइतकी उंच. हा सोफा मूळ मालिनीकाकूंचा. आत्तापर्यंत चार मराठी घरं फिरून आमच्याकडे आलाय. जो नवीन येईल त्याला द्यायचा, अशी रीत आहे. आमच्यानंतर कोणी नवीन आलंच नाही. तो विकता येत नाही, टाकता येत नाही. मालिनीकाकू आल्या की आधी त्याच्यावर हात फिरवतात, मग माझी चौकशी करतात.

डेंटिस्टकडच्या मासिकात पद्धत वाचली होती. तीन ढीग करायचे: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. सोपं आहे. मी फक्त एक चौथा ढीग वाढवलाय: विचार करायचा.

१० मे, शनिवार. दुपार

प्रगती. 'टाकायचं' ढिगात एक मोडकी छत्री. 'विचार करायचा' ढिगात बाकी सगळं.

डबे टाकायला काढले आणि लक्षात आलं, यातले नऊ डबे मालिनीकाकूंचे. त्यांच्याकडून कढी, आमटी, काय काय आलं होतं त्यातून. दुसऱ्याचा डबा टाकणं म्हणजे चोरीच. परत द्यायला हवेत. रिकामे कसे देणार? शिरा केला. नऊ डबे.

मोडकी छत्री टाकायला गेले तर तिचा दांडा चांगला निघाला. पडद्याला होईल. ठेवला.

१४ मे, बुधवार

मालिनीकाकूंकडून अकरा डबे आले. नऊ शिऱ्याचे, त्यात मटकीची उसळ भरून. दोन जास्तीचे, कारण उसळ उरली. म्हणाल्या, "इतका शिरा कशाला गं केलास, तुमच्याकडे काही होतं का?" आणि डोळे बारीक करून पोटाकडे बघितलं.

आता मंडळाच्या प्रत्येक बाईला वाटतंय की मला दिवस गेलेत. खुलासा करायला फोन केले तर प्रत्येकीने डबा पाठवला.

एकूण डबे: एकोणऐंशी.

१७ मे, शनिवार

मोठा दिवस. तळं मिळालं!

वूस्टरच्या रंगाच्या दुकानात भिंतभर चिकटवायचा फोटो असतो तसला. आठ तुकडे, वर चार, खाली चार. वर डोंगर आणि देवदाराची झाडं, खाली निळंशार तळं आणि त्यात नाव. किंमत साठ, मला बारा डॉलरना. सातवा तुकडा हरवलाय म्हणून. आठातले सात, म्हणजे शंभरात साडेसत्त्याऐंशी. डिस्टिंक्शन.

गिरीश म्हणाला, "पण तू तर खिडकीतून लिहिलंयस ना?"

मी विचार केलेला आहे. फोटोभोवती जुन्या साड्यांचे पडदे लावायचे. दोन्ही बाजूंना पडदे आणि मधून दिसणारं दृश्य, यालाच खिडकी म्हणतात. काच हा खर्चाचा भाग आहे, व्याख्येचा नव्हे.

गिरीशने मला हे पुन्हा म्हणायला लावलं. मग व्हीसीआर लावला.

२४ मे, शनिवार. रात्री, फार दमून

यार्ड सेल झाला, म्हणजे घरातलं नको ते अंगणात मांडून विकणं. घरमालकाची परवानगी घेतली, गल्लीच्या तोंडाशी पाटी लावली. डबे, दिवे, बँकेची कॅलेंडरं, सगळं मांडलं. सोफाही काढला, पण वर चादर घातली. विकायला असं नाही. कोणी आपणहून विचारलं तर नाही म्हणायचं नाही, एवढंच.

सकाळी दहाला मालिनीकाकूंची गाडी आली. डिकी भरलेली. "आमचंही मांड गं जरा. तुझं चाललंच आहे तर." मागोमाग मंडळातल्या आणखी तीन गाड्या. सगळ्यांचं तेच.

मग मालिनीकाकूंनी चादर उचलली. मला वाटलं, आता संपलं. पण म्हणाल्या, "अगंबाई! सोफ्याला ऊन द्यायला काढलास? गुणाची गं माझी. आमच्या पहिल्या थंडीत मी आणि कुमारकाका यावरच झोपायचो, बेड नव्हता तेव्हा." मी हो म्हटलं. खोटं नाही. ऊन त्याच्यावर पडलेलंच होतं.

विक्री: साडेचौदा डॉलर. पैकी अकरा मालिनीकाकूंच्या मिक्सरचे, ते दिले. उरलेलं सामान न्यायला कोणाचीच डिकी मोकळी नव्हती, कारण इथे रिकाम्या झालेल्या डिक्यांत सगळ्यांनी एकमेकांच्या वस्तू भरल्या. जे कोणालाच नको होतं ते माझ्याकडे राहिलं. दोन टायपरायटर, एक वजनाचा काटा, बाळाचा चाकांचा पाळणा. तो मुद्दाम ठेवून गेल्या.

३१ मे, शनिवार

रंग दिला. घरमालकाच्या बेसमेंटमधला उरलेला, फुकट. डब्यावर पांढरा लिहिलं होतं. वाळल्यावर थोडा गुलाबी आला. पांढऱ्याच्या फार जवळ आहे.

तळं चिकटवलं. खालच्या ओळीत सातवा नाही म्हणून गिरीशने सहाव्याला आठवा जोडला. त्यामुळे नाव मधोमध तुटून तिचं पुढचं टोक किनाऱ्यावरच्या दगडात घुसलंय. गिरीश म्हणाला, ॲक्सिडेंट झालेला दिसतो. मी म्हटलं, नांगर टाकलाय.

खोली आता पूर्ण रिकामी आहे. बाकीचं सगळं आमच्या बेडरूममध्ये हलवलं, तात्पुरतं. झोपायला जाताना आडवं चालावं लागतं. गिरीश त्याच्या बाजूला पोचतो तोवर मला झोप लागलेली असते.

टेबल, खुर्ची: बजेट ब्रश, डिंक आणि शिऱ्याच्या तुपात संपलं. टीव्हीच्या खोक्यावर साडी घातली तर टेबलच वाटतं. खुर्चीबद्दल 'विचार करायचा'.

५ जून, गुरुवार

निर्णय घेतला. असे निर्णय लहान वयात घेतले असते तर मी कुठच्या कुठे असते.

पहाटे अंधारात मी आणि गिरीशने सोफा खाली उतरवून कचऱ्यासाठी रस्त्याच्या कडेला ठेवला. मालिनीकाकूंना नंतर शांतपणे सांगेन. पत्रच लिहीन. माझी पत्रं चांगली असतात.

संध्याकाळी घरी आले तर पिशव्या गेलेल्या, सोफा तिथेच. चौकशी केली. मोठ्या सामानाचा ट्रक महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येतो. म्हणजे १२ तारखेला. परत वर आणण्याइतकी ताकद दोघांतही नाही. चादर घातली.

७ जून, शनिवार

अप्पा आले! बारीक झालेत. विमानतळावर पाया पडले तर म्हणाले, "पोक काढू नकोस."

दोन सूटकेसा. एकीत त्यांचे कपडे. दुसरीत माझ्या शुद्धलेखनाच्या वह्या, एकतीस. आईने घर आवरायला काढलंय म्हणे. तिने सांगितलं, ज्याचं त्याला देऊन टाका.

खोली दाखवली. अप्पा तळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. हात पाठीमागे, वर्गात फळ्यासमोर राहायचे तसे. मग म्हणाले, "एक तुकडा कमी आहे."

मग खऱ्या खिडकीशी गेले. पार्किंग लॉट बघितला. दुकानाची पाटी सावकाश, मोठ्याने वाचली. मला विचारलं, डोनट म्हणजे काय. मी सांगितलं, गोड वड्यासारखं असतं. म्हणाले, असं होय.

तळ्याबद्दल त्यापुढे तक्रार नाही. म्हणजे आवडलं असावं. प्रवासाने थकलेत.

८ जून, रविवार

लिहवत नाही, पण लिहायची सवय आहे.

अप्पा सकाळी सहाला फिरायला गेले. आठ वाजले तरी पत्ता नाही. मी खाली धावले. अप्पा रस्त्याच्या कडेला सोफ्यावर बसलेले, चादर घडी करून शेजारी. समोर मालिनीकाकूंची गाडी, इंजिन चालू. काकू गाडीबाहेर, कमरेवर हात.

अप्पा त्यांना सांगत होते, "आमच्या नंदाने येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला ठेवलाय हो. इकडे कुठे पार दिसत नाही ना."

काकूंनी सोफ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शेजारच्यांच्या कचऱ्याच्या पिंपाकडे. मी तोंड उघडलं, पण आगाऊ खरं असं काही सुचलं नाही.

काकू म्हणाल्या, "एवढं सांगितलं असतंस तर मी नेला असता गं." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं होतं.

शेवटी मीच म्हटलं, "नको काकू. अप्पांना बसायला लागतो." हे एक वाक्य खरं होतं. अप्पा उठायलाच तयार नव्हते.

गिरीश, मी, काकू आणि सूचना देणारे अप्पा, असा सोफा वर आणला. बेडरूममध्ये जागा नाही. हॉलमध्ये यार्ड सेलचं सामान. राहिली एकच मोकळी भिंत. सोफा तळ्यासमोर ठेवला. त्याच्या पाठीमागे खालची सगळी ओळ गेली.

आता डोंगर दिसतात. तळं दिसत नाही.

काकू जाताना त्यांना डबा द्यायला विसरले.

१५ जून, रविवार

आठवडाभर अप्पा सोफ्यावरच बसतात. चष्मा त्याच्या फटीत गेलाय, निघत नाही. त्यामुळे आईला पत्र लिहिता येईना. म्हणाले, मी सांगतो, तू लिही. निळं हवाई पत्र घेऊन मी खोक्याच्या टेबलाशी जमिनीवर बसले. साडी सरकून खाली टीव्हीचं चित्र दिसत होतं. ते झाकायचं आता मी सोडून दिलंय.

अप्पांनी घसा साफ केला. पूर्वीसारखे थांबत थांबत सांगायला लागले.

"नंदाने माझ्यासाठी स्वतंत्र खोली ठेवली आहे."

लिहिलं.

"भिंती पांढऱ्या."

मी गुलाबी भिंतीकडे बघितलं. लिहिलं.

"एक टेबल, एक खुर्ची."

इथे मला कळलं. माझं १९८४चं पत्र, शब्द न् शब्द पाठ. चष्म्याशिवाय. पेन थांबलं. म्हटलं, "अप्पा, ते मी तेव्हा..."

"शुद्धलेखन चालू असताना बोलायचं नाही." मग पुढचं वाक्य: "खिडकीतून तळं दिसतं."

लिहिलं.

अप्पांनी कागद मागून घेतला, नाकाशी धरून वाचला. शेजारच्या खोलीतल्या गिरीशला हाक मारून विचारलं, ते खरं तळं किती लांब आहे. गिरीश म्हणाला, दोन मैल. तर मला म्हणाले, उद्या चालत बघून येऊ. पत्र गावी पोचायला बारा दिवस आहेत.

मग पत्र परत दिलं. "चूक नाही," म्हणाले.

पत्र चिकटवलं. वही मिटण्याआधी अप्पांनी आठवण केली म्हणून लिहून ठेवते. मालिनीकाकूंचे अकरा डबे आहेत. उद्या तळ्यावर जाण्याआधी नेऊन द्यायचे. रिकामे द्यायचे नाहीत.

रवा संपलाय.