गराडूचा ठसा

२६ डिसेंबर
आज कॅन्टीनमध्ये बोलून गेलो की दुकानातून आणलेलं कार्ड म्हणजे मैत्रीचा अपमान. नागसेनच्या पन्नाशीला मी स्वतःच्या हाताने ठसे मारून कार्ड करणार. नागसेन, म्हणजे आमच्या ऑफिसातल्या क्वालिटी डिपार्टमेंटचा, इतकी वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावरचा, माझ्याकडे वळला. मग म्हणाला, भिया, हाताने बनवलेलं आपल्याला आजवर कोणी काही दिलं नाही. वाढदिवस ५ तारखेला. भरपूर वेळ आहे.

२८ डिसेंबर
व्हिडिओ बघितले. सोपं आहे. स्किल जवळजवळ आलंच, हातात उतरायचं तेवढं बाकी.

३० डिसेंबर
नागसेनच्या मिसेसचा, संबोधीवहिनींचा फोन. म्हणाल्या, यांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, कार्ड कोणी आणू नका, धनेश बना रहा है. मला एकदम उकडायला लागलं. डिसेंबरात पंखा लावला.

३१ डिसेंबर
ठसा कशाचा? बटाटा बालवाडीतली पोरं घेतात. आपण इंदूरचे, आपला गराडू, तळून खायचा तो कंद. ऐसपैस असतो आणि थंडीत घरात असतोच. बायको म्हणाली, कच्चा गराडू खाजतो, आधी हाताला तेल लावा. अंबिकाचं सगळं लक्ष स्वयंपाकात. तेलकट हाताने कागद खराब होतो. कलाकाराला कोरडा हात लागतो.

१ जानेवारी
खाज.

तोच दिवस, दुपार
मोर कोरायला घेतला होता. मान होईपर्यंत खाज कोपरापर्यंत पोचली. त्यात गराडू बुळबुळीत, रंग धरेना. कागदावर जे उमटलं ते बघून अंबिकाने विचारलं, वांगं का? मॉडर्न आर्ट या घरात कोणाला कळत नाही. उरलेला गराडू तिने तळला. वर जिरावन मसाला. तो मात्र उत्तम झाला.

२ जानेवारी
उजव्या हाताला पट्टी बांधून ऑफिसला. नागसेनने विचारलं, क्या हुआ. तोंडातून निघून गेलं, कार्डासाठी कोरताना चाकू लागला. अगदीच खोटं नाही, चाकू हातात होताच. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, रहने दे भिया, हात पहले. सुटलो.

३ जानेवारी
सुटलो नाही. हात ठणठणीत आहे पण पट्टी काढता येत नाही. नागसेन माझा डबा उघडतो, पोळीचे तुकडे करून देतो. संध्याकाळी वाट वाकडी करून मला अन्नपूर्णा भागातल्या घरी सोडलं. स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीकडे बघत होतो, फार वाईट वाटलं. पोलोग्राउंडच्या ऑफिसातून निघताना ठरवलं होतं की सांगून टाकायचं. घर आलं. अंबिका म्हणते, सांगा आणि मोकळे व्हा. तिला मैत्रीतलं नाजूक काही कळत नाही. हे दार लावून उजव्या हाताने लिहितोय.

४ जानेवारी
फायनल. उद्या पहाटे उठून बटाट्यावर कार्ड करायचं, पट्टी काढायची, खरं सांगायचं. बटाटे आणले. अलार्म लावला.

५ जानेवारी
अलार्म वाजला असावा.

पट्टी बांधून नागसेनकडे गेलो. घर भरलेलं. त्याने मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि कपाटातून कार्ड काढलं. भेंडीच्या ठशांची लाल फुलं, एकसारखी, सुंदर. स्वतःच बसून केलेलं. म्हणाला, सबको बोल चुका हूँ ना, लोक तुला हसले तर आपल्याला नाही चालणार. सही कर फक्त, डाव्या हाताने चालेल.

खरं सांगायची हीच वेळ होती. मी डाव्या हाताने सही केली.

बाहेर वहिनींनी कार्ड सगळ्यांना फिरवून दाखवलं. लोक माझी पाठ थोपटत होते. मग नागसेनने केक कापला आणि मी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी, खणखणीत, सगळ्यांत जोरात.

नागसेन बघत होता. सुरी खाली ठेवून माझ्याजवळ आला. टाळ्यांनी सैल झालेली पट्टी त्याने सगळ्यांसमोर पुन्हा नीट बांधली, गाठ मारली. माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

घरी आलोय. गाठ अजून सोडलेली नाही.